भाच्याची कापडी छताची गाडी, एका रात्रीसाठी

मेधा (जी-३): नमस्कार मंडळी. माझा भाचा ऋत्विक उद्या संध्याकाळी पुण्याहून येतोय, मंगळुरूला लग्नाला चाललाय. रात्रीचा मुक्काम आपल्याकडे गोव्यात पर्वरीला, शुक्रवारी पहाटे ५ ला निघणार. गाडी बीएमडब्ल्यू झी-फोर, छत उघडणारी. गेटबाहेर रस्त्यावर ठेवायची म्हटलं तर तो झोपायचा नाही. आत कुठे जागा आहे का?

सर्वेश (बी-२०४): झी-फोर!! 😍 ताई, या पावसात छत उघडून येतोय की काय?

मेधा (जी-३): छत बंदच असतं रे. पण कापडाचं आहे, तीच तर काळजी.

कामत, सेक्रेटरी: गेस्टचा स्टिल्टमधला (इमारतीखालच्या पार्किंगमधला) ४ नंबर रिकामा आहे, खांबाला लागून. नंबर वॉचमनकडे लिहून द्या. आणि गेटजवळच्या गतिरोधकावरून तिरकी काढायला सांगा, नाहीतर पोट घासेल. तो गतिरोधक जरा उंचच झालाय, हे मी मीटिंगमध्ये मान्य केलेलं आहे.

सर्वेश (बी-२०४): ताई, अनुभवाचं सांगतो. माझ्या जुन्या थारचं कापडी हूड गेल्या वर्षी मोरजीला किनाऱ्यावर फाडलं. हातभर लांब चीर, एकदम सरळ, ब्लेडने मारलेली. मागच्या सीटवर एक फुगलेली बॅग होती. आत काय, तर ओले टॉवेल आणि काजूचं पाकीट! पण बाहेरून बघणाऱ्याला ते कसं कळणार? म्हापशातल्या सीटकव्हरवाल्याने ठिगळ लावून दिलं, पाऊस आला की अजून गळतं. म्हणून आत काहीही दिसू नये. चार्जरची वायर नको, गॉगल नको, सुटे पैसे नकोत. मी तर ग्लोव्ह बॉक्स उघडाच ठेवतो, रिकामा दिसावा म्हणून.

नूतन (ए-१०१): मग बाहेरदेशी करतात तसं दार लॉकच करू नका ना. चोर दार उघडेल, काही मिळालं नाही तर जाईल. छत तरी वाचेल.

शिरोडकर काका (ए-३०२): नूतन, असलं काही करू देऊ नकोस त्याला. मी इन्शुरन्समध्ये ३१ वर्षं काढली. गाडीची वाजवी काळजी घेणं ही पॉलिसीतली अटच असते. दार मुद्दाम उघडं ठेवलं असं जबाबात आलं, की क्लेमवर वाद सुरू झालाच म्हणून समज. छत फाटलं तर ते ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात मागता येतं, फार तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट जाईल. अख्खी गाडी गेली तर काय करशील? लॉक करायची म्हणजे करायची.

नूतन (ए-१०१): बरं काका 🙏

शिरोडकर काका (ए-३०२): आणि आतलं सामान साध्या पॉलिसीत धरत नाहीत. लॅपटॉप गेला तर तो ज्याचा त्याने सोसायचा.

मेधा (जी-३): सामान तो बूटमध्ये (डिकीत) ठेवतो म्हणाला.

सर्वेश (बी-२०४): ताई, ते तपासून घ्यायला सांगा. एक काच खाली ठेवून गाडी लॉक करायची, चावी दुसऱ्याच्या हातात देऊन त्याला लांब उभं करायचं. मग काचेतून हात घालून बूटचं बटण दाबायचं. उघडलं तर बूटचा उपयोग शून्य, कारण छत फाडणाराही तेवढंच करणार. अलार्म वाजतो का तेही कळेल. फक्त रात्री नको करू म्हणावं, काका उठतील.

सर्वेश (बी-२०४): आणि वाटेत चहाला थांबला तर तिथे सगळ्यांसमोर सीटवरच्या बॅगा बूटमध्ये हलवायच्या नाहीत. ते आधीच्या थांब्यावरून निघतानाच उरकायचं.

कामत, सेक्रेटरी: गाडीची चावी रात्री कुठे असणार?

मेधा (जी-३): आमची चावी दाराजवळच्या खुंटीला असते. त्याचीही तिथेच.

सर्वेश (बी-२०४): बापरे! ताई, तुमचं दार आणि ४ नंबर यांत एक भिंत. हल्लीच्या गाड्यांची चावी खिशातूनच सिग्नल देते. एक जण यंत्र घेऊन दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. चावीचा सिग्नल इथून उचलून तिथे पोचवतात, गाडीला वाटतं मालक आला. काच फुटत नाही, आवाज नाही. चावी आतल्या खोलीत, लोखंडी डब्यात ठेवा.

मेधा (जी-३): नेवऱ्यांचा (करंज्यांचा) स्टीलचा डबा चालेल? गणेश चवथ होऊन आठ दिवस झाले, तळाला चारच उरल्यात.

सर्वेश (बी-२०४): आधी नेवऱ्या आम्हाला 😄 मग चावी आत, झाकण घट्ट, आणि डबा घेऊन गाडीला चिकटून उभं राहायचं. हँडलने दार उघडलं नाही तर डबा पास. सगळेच डबे सिग्नल अडवत नाहीत, करून बघायलाच हवं.

नूतन (ए-१०१): वर कव्हर घालायचं का?

सर्वेश (बी-२०४): ओल्या कापडावर कव्हर घातलं की बुरशीचा वास धरतो, आपली हवा माहीत आहे ना. एका रात्रीसाठी नको. स्टिअरिंगचा दांडा लॉक लाव म्हणावं, बाहेरून ठळक दिसतो.

शिरोडकर काका (ए-३०२): जीपीएस ट्रॅकर बसवलाय का? नसला तर मुश्कील. पर्वरीहून तासाभरात पत्रादेवीला महाराष्ट्राची हद्द ओलांडता येते. बेळगावकडचा केरी-चोर्ला रस्ता धरला तर घाटात मोबाइलची रेंज जाते, तिथे ट्रॅकरही दिसणार नाही.

मेधा (जी-३): आहे म्हणाला, फोनवर दिसतो.

शिरोडकर काका (ए-३०२): छान. देव न करो, पण गेलीच तर पहिला फोन ११२ ला, मग एफआयआर, आणि त्याच दिवशी कंपनीला कळवायचं. एफआयआर लगेच केला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय. तरी उशीर कशाला? कंपनी दोन्ही चाव्या मागते. दुसरी चावी गाडीतच ठेवणारे महाभाग मी पाहिलेत, त्याची पुण्याला घरी आहे ना विचार. आरसीसुद्धा गाडीत नको, सोबत दाखवायला डिजीलॉकरमध्ये असली की पुरे.

कामत, सेक्रेटरी: वॉचमनकडे चावी द्यायची नाही, केबिनमध्ये ती सगळ्यांच्या नजरेसमोर टांगलेली असते. मी सुचवतो, खांबाकडे तोंड करून गाडी लावा आणि मागे काकांची वॅगनआर आडवी लावू. क्रेन आणली तरी आधी काकांना उठवावं लागेल.

शिरोडकर काका (ए-३०२): माझी हरकत नाही. पण मला शुक्रवारी पहाटे म्हापशाच्या बाजारात जायचंय, तोवर त्याने निघावं.

मेधा (जी-३): देव बरें करूं सगळ्यांचं 🙏 सकाळी पोदेर (पाववाला) येईपर्यंत तो गेलेला असेल.

*शुक्रवार, पहाटे ४:५२*

मेधा (जी-३): काका, उठलात का? ऋत्विक तयार आहे. गाडी अगदी सुखरूप. तेवढी वॅगनआर काढता?

शिरोडकर काका (ए-३०२): उठलोय. चावी सापडत नाहीये.

मेधा (जी-३): खुंटीला बघितलीत?

शिरोडकर काका (ए-३०२): सर्वेशचं वाचून काल रात्री मीही डब्यात टाकली. कुठल्या डब्यात ते हिला विचारतो, ही झोपलीय.

सर्वेश (बी-२०४): काका, वॅगनआरची चावी फिरवायची आहे, ती खिशातून आपणहून सिग्नल देत नाही 😂

शिरोडकर काका (ए-३०२): सापडली. रव्याच्या डब्यात. येतोय खाली.