रेडिओ संकेतांचा शोध: साठ वर्षांच्या शांततेला पुरावा मानावे का?

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)
१९६० साली खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथील २६ मीटर व्यासाची दुर्बीण टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे वळवली, आणि तेव्हापासून परग्रहावरील बुद्धिमान जीवांच्या रेडिओ संकेतांचा शोध या ना त्या स्वरूपात चालू आहे. हाती खात्रीचे काहीही लागलेले नाही. आपल्या आकाशगंगेचा व्यास साधारण एक लाख प्रकाशवर्षे आहे. त्यामुळे एखादी संस्कृती आपल्याआधी दहा लाख वर्षे प्रगत झाली असती, तर तिचे संकेत एव्हाना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केव्हाच पोहोचले असते. १९७७ चा गाजलेला ‘वॉव’ हा जोरदार रेडिओ संकेत ७२ सेकंद दिसला आणि पुन्हा कधी मिळाला नाही. माझ्या मते या शांततेला आता पुरावाच मानायला हवे.

शंकासुर
आपला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. दिशा, वारंवारिता, संवेदनक्षमता, काळ अशा सर्व मिती एकत्र धरल्या, तर आजवर तपासलेला भाग पृथ्वीवरील सर्व महासागरांच्या तुलनेत एखाद्या लहानशा जलतरण तलावाएवढा भरतो, असा हिशेब २०१८ साली खगोलशास्त्रज्ञ जेसन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला होता. शिवाय आपल्या दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सर्वांत जवळच्या ताऱ्यावरूनही आपल्याच प्रतीच्या दुर्बिणींना टिपता येणार नाही. मग संकेत पोहोचणे आणि तो ओळखता येणे या दोन गोष्टी आपण एकच कशा धरता? ७२ सेकंदांविषयी सांगायचे, तर ‘वॉव’ संकेत टिपणारी बिग इअर ही दुर्बीण स्थिर होती आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाशातील कोणताही बिंदू तिच्या दृष्टिक्षेत्रात साधारण तेवढाच वेळ राहत असे. संकेत मुळात किती काळ चालू होता, हे त्यावरून कळत नाही.

ध्रुवमत्स्य
महासागराची उपमा मान्य. पण त्याच दुर्बिणीला दोन संकेतग्राहक (रिसीव्हर) होते आणि काही मिनिटांच्या अंतराने तो संकेत दोन्हींत दिसायला हवा होता, तो एकातच दिसला, हे आपण सोयीस्करपणे वगळले. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. प्रत्येक रिकाम्या निरीक्षणानंतर ‘अजून थोडेच पाहिले आहे’ असे म्हणायचे ठरवले, तर ही कल्पना खोटी ठरवायची तरी कशी? २०१९ मध्ये प्रॉक्सिमा सेंटॉरी या सूर्याला सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या दिशेने ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने नोंदवलेला संकेतही शेवटी मानवनिर्मित व्यत्ययच निघाला.

क्षितिजरेषा
मला तर हे उदाहरण शोधाच्या बाजूचे वाटते. नैसर्गिक स्रोतांचे उत्सर्जन वारंवारितेच्या बऱ्याच रुंद पट्ट्यात पसरलेले असते, म्हणून शोधकर्ते केवळ काही हर्ट्झ रुंदीचा संकेत पाहतात. दुर्बीण ताऱ्यावरून बाजूला नेली की तो नाहीसा होतो का, हे तपासतात आणि पृथ्वीच्या गतीमुळे त्याची वारंवारिता सरकते का, हेही पाहतात. प्रॉक्सिमाचा संकेत या चाळणीतून प्रथम गेला, पण तशाच स्वरूपाचे संकेत इतर वारंवारितांवर आणि दुर्बीण दुसरीकडे वळलेली असतानाही आढळल्यामुळे अखेर बाद झाला. पद्धत अशीच चालायला हवी. १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना सापडलेल्या नियमित स्पंदांना सुरुवातीला गमतीने ‘छोटी हिरवी माणसे’ असे नाव दिले गेले होते, आणि त्यातून स्पंदक ताऱ्यांचा शोध लागला.

शंकासुर
खोटी ठरवण्याच्या प्रश्नाला उत्तर आहे: ‘परग्रहावर कोणी आहे’ ही कल्पना नव्हे, तर ‘अमुक अंतरातील तमुक ताऱ्यांभोवती इतक्या शक्तीचा प्रक्षेपक आपल्या दिशेने सतत चालू आहे’ हे विधान खोटे ठरते, आणि तशा मर्यादा शोधनिबंधांत दिलेल्या असतात.

ध्रुवमत्स्य
तसे असेल, तर मी ‘शांतता’ हा शब्द मागे घेतो. मात्र वृत्तपत्रांत ‘आपण एकटेच आहोत का?’ असा मथळा देणाऱ्यांनीही त्याच्याखाली ही शक्तीची मर्यादा छापावी, एवढी अट मी ठेवतो.