प्रार्थनेने गूढ उकललं, तर ती रहस्यकथा कसली?

पानखूण: ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथा मी आवडीने वाचते. त्यांतल्या अनेकींत रहस्यही असतं: गहाळ मृत्युपत्र, कुलूपबंद खोली, नाव बदलून आलेला नायक. आणि शेवटाकडे काय होतं? नायिका गुडघे टेकून प्रार्थना करते आणि त्याच रात्री हवं ते पत्र हाती लागतं. मला ही वाचकाची फसवणूक वाटते. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांत अलौकिक शक्तींना मज्जाव आहे. योगायोगाने किंवा कारण न सांगता येणाऱ्या अंतःप्रेरणेने शोध लागू नये, असंही आहे. नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, म्हणजे श्रद्धेला कमी लेखणारे नव्हतेच. माझं मत स्पष्ट आहे: या कथांत श्रद्धा आली की रहस्य लटकं पडतं.

जुनी वही: अजिबात पटलं नाही. तुम्ही वाईट लिहिलेल्या कादंबऱ्यांवरून अख्ख्या प्रकाराला दोष देताय.

या कथा ज्या काळात घडतात, त्यातला रीजन्सी इंग्लंडच घ्या, म्हणजे राजाऐवजी युवराज कारभार पाहत होता तो १८११ ते १८२० चा काळ. सरकारी विवाहनोंदणी तिथे १८३७ मध्ये सुरू झाली. त्याआधी कुणाचं कुणाशी लग्न झालं, कोण औरस, वारस कोण, याचा मुख्य पुरावा म्हणजे चर्चची नोंदवही. १७५३ च्या विवाह कायद्याने तीन रविवारी चर्चमध्ये लग्नाची जाहीर घोषणा किंवा परवाना सक्तीचा केला, नोंदीखाली वधूवरांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या सक्तीच्या केल्या. कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीन या गावाला पळायची. आता सांगा, प्रेम, धर्म आणि गूढ यांची याहून घट्ट गाठ कुठे सापडेल? वहीतलं एक पान फाटलेलं आहे, साक्षीदारांपैकी एकाने सहीऐवजी नुसती फुली मारली आहे, आणि घोषणेच्या तिसऱ्या रविवारी मागच्या बाकावरून कुणीतरी उठून हरकत घेतंय! इथे चर्च म्हणजे कथेतलं दफ्तर आहे. ते काढलंत तर रहस्यच उरत नाही.

सांजवारा: मी पानखूण यांच्या बाजूने, फक्त माझी तक्रार प्रेमकथेबद्दल आहे. विश्वास न ठेवणाऱ्याशी विजोड जोडले जाऊ नका, असं बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना लिहितो. त्यामुळे नायक संशयी असला तर लग्नाआधी त्याचं मन पालटणार, हे तिसऱ्या प्रकरणातच कळतं. खुनी कोण हे शेवटपर्यंत लपवता आणि ज्याच्यावर जीव जडायचा त्याच्या मनाचं सगळं आधीच सांगून टाकता?

अर्धचंद्र: हो, हा दोष खरा आहे. पण नॉक्सचे नियम श्रद्धेच्या विरोधात कशाला लावायचे? दानीएलच्या पुस्तकातली सुसान्नाची कथा आठवा. कॅथलिक बायबलमध्ये ती आहे, प्रॉटेस्टंट तिला अपोक्रिफात, म्हणजे मूळ बायबलमध्ये न धरलेल्या ग्रंथांत, ठेवतात. दोन वडीलधारे तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आळ घेतात. दानीएल दोघांना वेगवेगळं करून एकच प्रश्न विचारतो: कोणत्या झाडाखाली पाहिलंत? दोघं दोन वेगळी झाडं सांगतात आणि खोटं उघडं पडतं. ती देवाचा धावा करते, तो ऐकला जातो, पण लोकांची खात्री पटते ती उलटतपासणीने. मला हव्या असलेल्या कादंबरीचा साचा हाच आहे.

पानखूण: सुसान्नाची कथा मान्य, नोंदवहीही मान्य. पण जुनी वही, त्यात फक्त चर्चची इमारत आणि कागद आले. देव कुठे आला? पान कुणी फाडलं हे तर नास्तिक वकीलही शोधून काढेल.

जुनी वही: शोधून काढेल, जरूर. पण पुढे काय करेल? त्याच १७५३ च्या कायद्यात नोंदवहीत हेतुपूर्वक खोटी नोंद करणं किंवा ती नष्ट करणं याला मृत्युदंड होता. परवाना किंवा घोषणेशिवाय लग्न लावणाऱ्या पाद्र्याला चौदा वर्षं हद्दपारी. आता समजा, नायिकेने पुरावे जुळवत, कुठल्याही चमत्काराशिवाय, पान फाडणारा ओळखला. तो तिला वाढवणारा म्हातारा काका आहे. बोलली तर तो फासावर जातो. गप्प राहिली तर जिच्या लग्नाची नोंद नाहीशी झाली ती बाई आणि तिचं मूल जन्मभर कलंकित राहतं. खरं बोल ही आज्ञा तिच्या देवाचीच आहे आणि क्षमा कर हीही त्याचीच. त्या रात्री ती गुडघे टेकते ते पत्र सापडावं म्हणून नाही. पत्र तिच्या हातातच आहे.

पानखूण: ही कादंबरी मी वाचेन. मात्र काकाने लगेच पश्चात्ताप करून तिची सुटका करायची नाही, एवढी अट.

सांजवारा: आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्याला हे सगळं कळल्यावरही त्याचा संशय तसाच राहू द्या. मग ती त्याच्याशी लग्न करते का, ते पाहू.