ब्रॉडकास्ट लिस्टबद्दल थोडं

सोशल मीडियावरची पोस्ट पैसे देऊन जास्त लोकांना दाखवण्याआधी (म्हणजे बूस्ट करण्याआधी) व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवणारी यादी) करा, असं छोट्या संस्थांना कुणीतरी सुचवलंय, ते पटलं. छोट्या संस्थेचे सभासद, देणगीदार तिथेच असतात. पण एक गोष्ट राहून गेली: ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यांनाच तो संदेश पोचतो. शिवाय एका लिस्टमध्ये 256 जणच बसतात.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात आम्ही हे चूक करून शिकलो. व्याख्यानमालेचं निमंत्रण सगळ्या सभासदांना पाठवलं आणि निर्धास्त राहिलो. पहिल्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्या! नेहमी येणारे एक आजोबा दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मला कळवलंच नाहीत." फार वाईट वाटलं. मग संदेशाची माहिती उघडून पाहिली, तर कितीतरी जणांना तो पोचलाच नव्हता. तेव्हापासून वर्गणीची पावती फाडतानाच ग्रंथपाल सभासदाच्या फोनमध्ये वाचनालयाचा नंबर सेव्ह करून देतात आणि तिथल्या तिथे एक 'नमस्कार' पाठवायला सांगतात. ज्येष्ठांना हे हाताशी बसून करून द्यावं लागतं. वेळ जातो, पण गेल्या वर्षी निमंत्रण पोचलं नाही अशी एकही तक्रार आली नाही.