पात्र घडवताना आधी शस्त्र ठरवावे की आधी गुण?

दीपस्तंभ (धागाकर्ता)

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळात मी गेली काही वर्षे डन्जन मास्टरची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, भूमिका करतो आहे. नवा खेळाडू पहिले पात्र घेऊन येतो, तेव्हा एकच चूक मला वारंवार दिसते. स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, विजडम आणि करिझ्मा हे सहा गुण (पुढे मी पहिल्या तिघांना बळ, चपळाई आणि काटकपणा म्हणेन) त्याने सारखे वाटलेले असतात आणि शस्त्र मात्र यादीतून अगदी शेवटी, नाव आवडले म्हणून उचललेले असते. पॉइंट खर्चून गुणांचे अंक विकत घेण्याच्या पॉइंट-बाय पद्धतीत हाताशी २७ पॉइंट असतात. त्यांत तीन गुण १३ आणि तीन गुण १२ असे बरोबर बसतात, पण १२ आणि १३ या दोन्ही अंकांना बोनस (फाशाच्या अंकात मिळणारी भर) +१ च मिळतो. म्हणजे तीन पॉइंट वाया जातात आणि पात्र कशातच पुढे नसते.

माझे मत असे आहे की आधी शस्त्र ठरवावे आणि गुण त्याच्यामागून यावेत. दुहाती तलवार घ्यायची म्हटली की बळ पहिले, काटकपणा दुसरा आणि ढाल वगळलेली, हे आपोआप ठरते. लांब पल्ल्याचे धनुष्य घेतले की चपळाई वर येते. २०१४च्या नियमांत तर काही फीट (पात्राला मिळणारी खास कौशल्ये) ठरावीक प्रकारच्या शस्त्रांवरच चालतात. ग्रेट वेपन मास्टर हे फीट घेतल्यावर अवजड शस्त्राच्या वाराचा नेम, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावरचा अंक, ५ ने घटवून इजा १० ने वाढवता येते. एरवी ६५ टक्के वार लागणारे पात्र दुहाती तलवारीने (सरासरी ७, अधिक बळाच्या बोनसचे ३) सरासरी ६.५ इजा करत असेल, तर ही युक्ती वापरून ती ८ होते. जाड चिलखतातल्या शत्रूवर मुळातच ४५ टक्के वार लागत असतील, तर तीच युक्ती ४.५ वरून ४ वर आणते. हा सगळा विचार शस्त्रापासून सुरू होतो. गुणांपासून सुरुवात करणाऱ्याला तो सुचेपर्यंत चौथी पातळी उलटून गेलेली असते.

उंबरठा

निरीक्षण योग्य आहे, निष्कर्ष मात्र मला पटला नाही. सारखे वाटलेले गुण ही चूक आहेच. पण तिचा उपाय शस्त्र आधी निवडणे हा नाही, एक मुख्य गुण आधी निवडणे हा आहे.

आकडे पाहू. एका पात्राला वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा अधिक पडले की वार लागतो, म्हणजे ६५ टक्के. त्याच्या हाती आठ बाजूंच्या फाशाचे शस्त्र आहे आणि बोनस +३ आहे. सरासरी इजा ७.५, तिचे ६५ टक्के म्हणजे सुमारे ४.८८ (थेट घाव, म्हणजे क्रिटिकल, बाजूला ठेवू). आता त्याच हाती दहा बाजूंचे शस्त्र दिले तर ५.५३ होतात. त्याऐवजी शस्त्र तेच ठेवून बोनस +४ केला, तर नेम ७० टक्के होतो, इजा ८.५ होते आणि गुणाकार ५.९५ येतो. शस्त्राच्या एका पायरीपेक्षा गुणाची एक पायरी जास्त देते, कारण ती नेमातही मिळते आणि इजेतही.

शिवाय शस्त्र हातातून सुटते, मोडते, मागे राहते. दरबारात शिरताना दारावरच ठेवून द्यावे लागते. गुण कुठेही काढून घेतले जात नाहीत. विष बाधते का हे ठरवणाऱ्या फाशाच्या फेकीत काटकपणा आणि कोसळत्या छताखालून उडी मारताना चपळाई तुम्हाला वाचवते, आणि तिथे कमरेला कोणती तलवार आहे हे कोणी विचारत नाही. डन्जन मास्टर म्हणून तुम्हाला हेही ठाऊक असेल की पहिली जादुई वस्तू खेळाडूच्या आवडत्या शस्त्राच्या रूपातच सापडेल असे नसते. बळ पक्के असेल तर सापडलेली कुऱ्हाड, गदा किंवा भाला तो निःशंक उचलतो. एकाच शस्त्रासाठी फीट घेऊन बसलेला मात्र जुनेच चालवत राहतो.

काजवा

मी टेबलावर कमी आणि पडद्यावर जास्त खेळते, त्यामुळे २०२२ साली आलेल्या एल्डन रिंगबद्दल लिहिते आणि तिथे धागाकर्त्याच्या बाजूने उभी राहते. त्या खेळात प्रत्येक शस्त्राला किमान गुणांची अट आहे. क्लेमोर तलवारीला बळ १६ आणि चपळाई १३ लागते, तर उचिगाताना या वक्र तलवारीला बळ ११ आणि चपळाई १५. अट पुरी नसेल तर शस्त्र हातात येते, पण वार दुबळा होतो. आधी गुण वाढवून नंतर शस्त्र शोधणारा खेळाडू तिथे हमखास दोन-चार पातळ्या चुकीच्या जागी घालवतो. शस्त्र ठरलेले असेल तर एक मोठी सवलतही हिशेबात धरता येते: दोन्ही हातांनी धरल्यास बळ दीडपट मोजले जाते, म्हणून ४० बळाचे शस्त्र २७ बळावर पेलते.

एक गोष्ट मात्र शस्त्राच्याही आधी येते, आणि ती म्हणजे व्हिगर, पात्राचे आयुष्य. ४० व्हिगरला १४५० आणि ६० ला १९०० आरोग्य मिळते. त्यानंतर थेट ९९ पर्यंत नेले तरी २१०० च होते. नवे खेळाडू सगळे पॉइंट तलवारीसाठी ओततात आणि दोन फटक्यांत कोसळतात. ६० पर्यंतची पातळी मला तरी कधी वाया गेल्यासारखी वाटली नाही.

उंबरठा

काजवा, तुमच्या उदाहरणात माझीच बाजू आहे असे मला वाटते. त्याच खेळात ॲश ऑफ वॉर (शस्त्रावर बसवायचे कौशल्य) बसवून बहुतेक साध्या शस्त्रांचा कल, म्हणजे कोणत्या गुणाने इजा वाढते ते, बदलता येतो. तीच क्लेमोर 'हेवी' केली की बळाचा वाटा वाढतो, 'कीन' केली की चपळाईचा. किमान अट भागली की पुढे शस्त्र तुमच्या गुणांप्रमाणे वळते, तुम्हाला शस्त्राप्रमाणे वळावे लागत नाही. फक्त सोम्बर नावाच्या वेगळ्या दगडांनी ताकद वाढवावी लागणारी खास शस्त्रे याला अपवाद आहेत, आणि तिथे तुमचा मुद्दा मी मान्य करतो.

पाणवठा

दोन्ही बाजू इजेचेच गणित मांडत आहेत. मला वाटते निवड दुबळ्या गुणापासून सुरू करावी. टेबलावरच्या खेळात कुठला गुण सर्वांत कमी, म्हणजे ८, ठेवायचा हे ठरवले की पात्र डोळ्यांपुढे उभे राहते. ८ करिझ्मा असलेला सैनिक वाटाघाटीत मागे उभा राहतो आणि ८ बळाची तिरंदाज ओझे दुसऱ्याकडे देते, कारण वाहण्याची क्षमता बळाच्या १५ पट पौंड एवढीच असते. माझ्या एका पात्राने खाली पडलेल्या साथीदाराला ओढून नेण्याचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमले नाही. पुढच्या सगळ्या बैठकांना त्या प्रसंगानेच दिशा दिली. शस्त्र कोणते होते ते मला आज आठवतही नाही.

चपळाईविषयीही एक बोलायचे आहे. रेपियर (सडपातळ तलवार) आणि धनुष्य दोन्ही चपळाईवर चालतात, शिवाय पुढाकार (लढाईत आधी पाळी मिळणे), बचाव आणि लपणेही तिच्यावरच, म्हणून बहुतेक जण बळ सोडून देतात. पण चपळाई २० असताना खिळेदार चामड्याचे चिलखत आर्मर क्लास (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा अंक) १७ देते, आणि बळ १५ असलेला लढवय्या पूर्ण पोलादी चिलखतात चपळाई कितीही कमी असली तरी १८ वर असतो. ते चिलखत १५०० सुवर्णमुद्रांचे असते, तोवर वाट पाहावी लागते हे खरे.

दीपस्तंभ (धागाकर्ता)

उंबरठा यांचे ४.८८ आणि ५.९५ मी स्वतः मांडून पाहिले. ते बरोबर आहेत. पहिल्या तीन पातळ्यांपुरते माझे विधान मी मागे घेतो. त्या काळात फीट बहुतेकांकडे नसतात आणि गुणाची एक पायरी फाशाच्या एका पायरीपेक्षा मोठी ठरते.

तरीही शस्त्र म्हणजे केवळ फासा, हे गृहीतक मला मान्य नाही. १९७४च्या मूळ नियमांत ते खरे होते: खंजीर असो वा दुहाती तलवार, सगळ्यांची इजा सहा बाजूंच्या एकाच फाशाची, आणि बळाचाही वारावर परिणाम नव्हता. १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीत शस्त्रांना वेगवेगळे फासे आणि बळाला नेम व इजेचा बोनस, हे दोन्ही एकदमच आले. तेव्हापासून ही दोन्ही एकमेकांना धरून वाढली आहेत, म्हणूनच आपला वाद सुटत नाही. २०२४च्या नियमांत वेपन मास्टरी (शस्त्राशस्त्राचा खास गुणधर्म) आल्याने दुहाती तलवारीचा वार चुकला तरी गुणाच्या बोनसइतकी इजा होते, तर दुहाती कुऱ्हाड लागलेला वार शेजारच्या शत्रूपर्यंत नेते. एकच बळ दोन शस्त्रांत दोन वेगळी कामे करते. पुढच्या नव्या खेळाडूला मी दोन प्रश्न एकत्र विचारणार आहे: कशाने लढणार, आणि ते हातात नसेल तेव्हा काय करणार?

उंबरठा

दुसरा प्रश्न आधी विचारा. त्याचे उत्तर मिळाले की पहिल्याच्या उत्तराला मी आक्षेप घेणार नाही.