वाऱ्याचं गणित राहिलंच
गळाने मासे धरायला कोणता रीळ घ्यावा, यावर "बेटकास्टर म्हणजे नुसता गुंता, नवख्याने स्पिनिंगच घ्यावं" असं म्हणतात, ते अर्धं पटलं. (हे दोन्ही गळाच्या काठीवरच्या रिळाचे प्रकार.) खाडीत हलक्या ल्युअरवर (नकली आमिषावर) गरवायचं असेल तर स्पिनिंगच बरं. फेकताना त्याचा स्पूल (दोरी गुंडाळलेली फिरकी) फिरत नाही, दोरी नुसती सुटत जाते. बेटकास्टरचा स्पूल स्वतः फिरतो. ल्युअर हवेत मंदावला आणि स्पूल तसाच गरगरत राहिला की गुंता ठरलेला.

पण कोकणात खरा घोळ वाऱ्याचा. मी रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर रोज दुपारी बेटकास्टर शिकत होतो. तेव्हा समुद्रावरून येणारा खारा वारा थेट तोंडावर. फेकीपेक्षा दोरी सोडवण्यातच वेळ जायचा. शेजारी पाग (फेकायचं जाळं) टाकणारे काका म्हणाले, "अरे, पहाटे ये, मतलई असते." जमिनीकडून समुद्राकडे जाणारा हा मतलई वारा पाठीमागून आल्यावर पहिल्याच दिवशी अर्धी डोकेदुखी गेली! बेटकास्टरच्या सरावासाठी गरी (गळाचा आकडा) काढून वीसेक ग्रॅमचं नुसतं शिसं बांधा. स्पूलची कळ इतकी आवळा की स्पूलवरचा अंगठा उचलल्यावर शिसं सावकाश खाली येईल आणि वाळूला टेकताच स्पूल थांबेल. स्पूलचा ब्रेक सुरुवातीला जास्तच ठेवा, अंतराचा मोह नको. फेकल्यावर शिसं पडायच्या आधी स्पूलवर अंगठा टेकवायचा, हे मात्र हातालाच कळावं लागतं. मला दोन आठवडे लागले, आणि एक अख्खी दोरी कापून टाकावी लागली ती वेगळीच.