बायप्लेनवर एम्बोलायझेशन करताना पेशंटच्या डोक्याच्या कातडीला नेमका किती डोस बसतो, मोजायचा कसा?

लॅबवाला
नमस्कार मंडळी. मी न्यूरो कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे, मशीन बायप्लेन, म्हणजे समोरून (फ्रंटल) आणि बाजूने (लॅटरल) अशा दोन एक्स-रे ट्यूबचं. परवा एक एव्हीएमची (मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा गुंता) एम्बोलायझेशनची, म्हणजे तो आतून बंद करायची, केस झाली, खूप लांबली, ऑनिक्स (त्यासाठीचं घट्ट होणारं द्रव) थांबत थांबत सोडायचं असतं ना, त्यात वेळ गेला. शेवटी कन्सोलवर फ्रंटलला 2.9 ग्रे आणि लॅटरलला 2.1 ग्रे (रेडिएशन डोसचं एकक) दिसत होतं, डीएपी (डोस गुणिले बीमचं क्षेत्रफळ) वेगळाच, तो तर शेकड्यांत. रिपोर्टमध्ये काय लिहायचं यावरून आमच्यात जुंपली. सिनिअर म्हणतात दोन्ही वेगवेगळे लिही, ते एका जागी पडतच नाहीत. सर म्हणतात बेरीज करून 5 लिही आणि पेशंटला फॉलोअपला बोलाव.

आता सरांनी डोक्यात घेतलंय की पुढच्या काही केसेसमध्ये खरोखर मोजूनच बघायचं, जमलं तर पेपरही करू म्हणतात. माझा प्रश्न साधा आहे, हसू नका. आपल्याकडे स्टाफचे डोस मोजणारे टीएलडी बॅज असतात तसला एखादा पेशंटच्या डोक्याला चिकटवला तर चालेल का? आणि कन्सोलवर आकडा येतोच तर परत मोजायचं कशाला?

फिजिक्सवाली
बॅज अजिबात लावू नका!! त्यात कॅल्शियम सल्फेट डिस्प्रोशियमच्या डिस्क असतात, वर धातूचे फिल्टर. फिल्टर तुमच्या इमेजमध्ये मस्त दिसणार, आणि रीडिंगचा हिशोब स्टाफच्या अंगावर पडणाऱ्या डोससाठी बांधलेला असतो, डायरेक्ट बीममधल्या कातडीसाठी नाही. त्याहून मोठी भानगड म्हणजे बॅज ज्याच्या नावावर, आकडा त्याच्याच नावावर चढतो. ज्याला वर्षाला 30 मिलिसिव्हर्टच्या वर जायचं नाही त्याच्या खात्यात दोन-तीन ग्रे, म्हणजे दोन-तीन हजार मिलिसिव्हर्ट दिसले की एईआरबीकडून (अणुऊर्जा नियामक मंडळ) विचारणा येणार आणि तुमचा आरएसओ (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) उत्तरं लिहीत बसणार.

आता कन्सोलचा आकडा. तो पेशंटच्या अंगावर मोजलेला नसतो हे आधी डोक्यात बसवा. आयसोसेंटरपासून (ज्या बिंदूभोवती सी-आर्म फिरतो तो) ट्यूबच्या बाजूला 15 सेंटिमीटरवर एक ठरवून घेतलेला बिंदू आहे, तिथे हवेत किती केर्मा (हवेतला डोस म्हणा) झाला असता ते मशीन दाखवतं. जाडजूड पेशंटच्या पोटासाठी हा बिंदू कातडीच्या आसपास येतो, पण डोकं लहान, कानाच्या बाजूची कातडी आयसोसेंटरपासून सात-आठ सेंटिमीटरवरच असते. म्हणजे कातडी त्या बिंदूपेक्षा ट्यूबपासून लांब, म्हणून डोस कमी. पण डोक्यातून उलटं स्कॅटर येतं, त्याने वाढतो.

तुमच्याच केसवर करून दाखवते. समजा ट्यूब ते आयसोसेंटर 75 सेंमी (तुमच्या मशीनचं मॅन्युअलमध्ये बघा), म्हणजे बिंदू 60 वर. लॅटरलची कातडी धरा 67 वर. 60 भागिले 67 चा वर्ग, 0.8. बॅकस्कॅटर 1.3, हवेवरून टिश्यूला यायला 1.06. गुणाकार 1.1 च्या आसपास. म्हणजे 2.1 चे झाले 2.3 ग्रे. फ्रंटलला डोक्याचा मागचा भाग धरा 66 वर, पण तिथे बीम टेबल आणि हेडरेस्टमधून येतो, त्यात समजा वीस टक्के गेले, तर गुणक 0.9 च्या आसपास, 2.9 चे साधारण 2.6.

आणि हे सगळं बीम पूर्ण वेळ एकाच जागी राहिला असं धरून. अँगल बदलला असेल तर तो पसरला, कमाल डोस आणखी कमी. पण डिस्प्लेलाच अधिक-उणे 35 टक्क्यांची सूट असते, म्हणून 2.6 म्हणजे प्रत्यक्षात 1.7 पण असेल आणि 3.5 पण. आणि 3 ग्रेला तात्पुरते केस गळायला सुरुवात होते, म्हणजे तुमचा पेशंट बरोबर उंबरठ्यावर. म्हणून मोजायचं.

बेरजेबद्दल दोघंही बरोबर आहेत. फॉलोअपला बोलवायचं का हे ठरवताना बेरीज घ्या, 5 ग्रे केर्मा झाला की पेशंटवर लक्ष ठेवायचं असं अमेरिकेतल्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीवाल्यांच्या गाइडलाइनमध्ये आहे आणि बहुतेक जण तेच वापरतात. अभ्यासात मात्र बेरीज नको. ऑब्लिक व्ह्यूमध्ये दोन्ही फील्ड कानामागे एकमेकांवर चढतात तेवढ्याच पट्ट्यात खरी बेरीज होते, आणि तो पट्टा कन्सोलवर दिसत नाही.

सीआर्म_काका
मॅडम बरोबर बोलल्या. आमच्या काळात तर नुसता फ्लोरो टाइम लिहायचो, चाळीस मिनिटं बस. त्याला काही अर्थ नव्हता, डीएसएचे रन (रंगद्रव्य सोडून घेतलेल्या फोटोंच्या मालिका) त्यात धरलेच जायचे नाहीत आणि डोस तर तिथूनच येतो. लॅबवाला भाऊ, डीएपी बघून घाबरू नका. डीएपी म्हणजे एकूण किती पाऊस पडला, कातडीला मतलब कुठे एकाच जागी पागोळी लागली याच्याशी. कॉलिमेशन घट्ट केलं, म्हणजे बीमची फील्ड छोटी केली, की डीएपी झपकन उतरतो पण त्या मधल्या कातडीचा डोस जवळपास तोच राहतो, हे नवीन पोरांना सांगून सांगून थकलो. तरी कॉलिमेट कराच, फील्ड छोटी असली की एकमेकांवर चढत नाहीत आणि डोळा बाहेर राहतो.

सून_बाई
मी मेडिकलवाली नाही, शोधत शोधत इथे आले. सासूबाईंचं मेंदूतल्या फुग्याचं कॉइलिंग झालं, ऑपरेशन छान झालं, चालत घरी आल्या. तीनेक आठवड्यांनी उशीवर केसांचे पुंजके. मागच्या बाजूला तळहाताएवढी जागा गुळगुळीत, आणि कडा एकदम सरळ, पट्टीने आखल्यासारख्या. शेजारच्या काकू म्हणाल्या चाई लागली, कांदा चोळा. स्किनच्या डॉक्टरांना पण चाईच वाटली, इंजेक्शनं सुचवली. डोक्यात तार घालून कॉइल बसवलीये हे आम्ही सांगितलं होतं, पण एक्स-रेचा त्याच्याशी संबंध असेल हे ना आम्हाला सुचलं ना त्यांना. डिस्चार्ज कार्डवर याची एक ओळ नव्हती. केस नंतर आले, थोडे पांढरे आले. पण मधल्या काळात त्यांनी आरशात बघणं सोडलं होतं. तुम्ही ते ग्रे मोजाल तेव्हा मोजा, आधी पेशंटला सांगा ना की असं होऊ शकतं.

न्यूरो_आयआर
सूनबाई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. सरळ कडा असलेली चाई दिसली की आधी विचारायचं, मेंदूची ॲन्जिओग्राफी झाली होती का. 3 ते 7 ग्रेमध्ये गेलेले केस साधारणपणे परत येतात, 7 च्या वर कायमचे जाऊ शकतात. कातडी लाल होणं 6 ग्रेच्या आसपास, ते दहाएक दिवसांनी. म्हणजे सगळं डिस्चार्जनंतर, म्हणून आम्हाला दिसतच नाही. आणि अशा जागेची उगाच बायोप्सी करू देऊ नका, ती जखम भरायला त्रास देते.

लॅबवाला, दोन गोष्टी अभ्यासात धराच. एक म्हणजे डोळ्याची लेन्स. आयसीआरपीने (रेडिएशन सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संस्था) 2011 मध्ये मोतीबिंदूची मर्यादा 0.5 ग्रेवर आणली, आणि लॅटरल ट्यूब ज्या बाजूला त्या बाजूच्या डोळ्याला लांबलेल्या केसमध्ये तेवढा सहज बसू शकतो, म्हणून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ एक डोसिमीटर हवाच. दुसरं, आधीचे डोस. एव्हीएम टप्प्याटप्प्याने करतो, साधारण दोन महिन्यांच्या आतलं आधीचं सिटिंग असेल तर तेही हिशोबात. स्ट्रोकवाल्याचं सीटी परफ्युजन (मेंदूचा रक्तपुरवठा बघणारं स्कॅन) झालेलं असतं, तेही. 2009 चं लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनायचं प्रकरण आठवतंय का कोणाला? 206 पेशंटना सीटी परफ्युजनमध्ये 0.5 ग्रेच्या ऐवजी 3 ते 4 ग्रे बसले, दीड वर्ष कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि बाहेर आलं ते एका पेशंटने केस गळतायत म्हणून सांगितल्यावर. डोस स्क्रीनवर येत होता हो, बघत कोणी नव्हतं.

लॅबवाला
बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सूनबाई, तुमचं सरांना दाखवलं, ते डिस्चार्ज कार्डाचं लगेच मनावर घेतायत. आता बॅज नाही तर मग काय लावू? सर फिल्म म्हणतायत, मला एकाने ओएसएल सांगितलं.

फिजिक्सवाली
तीन पर्याय, तिघांचे नखरे वेगळे.

फिल्म म्हणजे एक्सआर-आरव्ही3, डोस बसेल तिथे रंग बदलणारी. पूर्ण नकाशा मिळतो, हॉटस्पॉट सुटत नाही, फील्ड कुठे चढलं ते डोळ्याला दिसतं, 15 ग्रेपर्यंत चालते. पण ती सपाट शीट आहे, डोकं गोल, नीट गुंडाळली जात नाही, चुण्या पडतात. मागे एक आणि ट्यूबच्या बाजूला एक अशा दोन पट्ट्या कापून लावा. एक्सपोज झाल्यावर लगेच स्कॅन करू नका, रंग चढत राहतो, 24 तास थांबा आणि कॅलिब्रेशनच्या पट्ट्यांनाही तेवढाच वेळ द्या. मागची बाजू अपारदर्शक आहे, त्यामुळे स्कॅनर रिफ्लेक्टिव्ह मोडवर.

टीएलडी म्हणजे लिथियम फ्लोराइडच्या छोट्या चिप्स. टिश्यूसारख्या असल्यामुळे इमेजमध्ये त्रास नाही, डोळ्याजवळ लावायला उत्तम. कटकट म्हणजे प्रत्येक वेळी ॲनिलिंग (तापवून परत कोरं करणं), 400 डिग्रीला एक तास आणि मग 100 ला दोन तास, आणि एकदा वाचली की माहिती गेली. शिवाय 1 ग्रेच्या वर त्या सुप्रालिनिअर होतात, खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. कॅलिब्रेशन 100 मिलिग्रेवर करून 4 ग्रे वाचायला गेलात तर आकडा फुगणार, म्हणून वरपर्यंत कर्व्ह काढा.

ओएसएलचे ठिपके (प्रकाश टाकून वाचायचे डोसिमीटर) परत परत वाचता येतात, पण उजेडात उघडे पडले की सिग्नल उतरतो, आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड असल्यामुळे कमी एनर्जीला रिस्पॉन्स बराच वाढतो. रेडिओथेरपीच्या लिनॅकवर (खूप जास्त एनर्जीचं मशीन) कॅलिब्रेट करून कॅथलॅबमध्ये वापरले तर उत्तर जवळपास तिप्पट. आमच्याकडे रेडिओथेरपी आहे तिथूनच करून आणतो असं सर म्हणतील, ऐकू नका. तिघांपैकी काहीही घेतलं तरी कॅलिब्रेशन तुमच्याच मशीनच्या 70-90 केव्हीच्या बीमवर, शेजारी आयन चेंबर (डोस मोजायचं संदर्भ उपकरण) ठेवून. त्याच फेरीत कन्सोलचा केर्मा खरा किती ते पण निघेल, फुकटात.

मला विचाराल तर फिल्म मागे आणि बाजूला, टीएलडी डोळ्याजवळ आणि पेशंटला घातलेल्या टोपीवर. जपानमध्ये टोपीला ग्लास डोसिमीटर लावून न्यूरोच्या केसेस मोजल्यात, तीच कल्पना. सोबत प्रत्येक केसचा आरडीएसआर (मशीन स्वतः बनवतं तो डोसचा रिपोर्ट) मशीनमधून काढून ठेवा, त्यात प्रत्येक एक्सपोजरचा अँगल, फील्ड, टेबलची जागा सगळं असतं. एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या, नाहीतर पेपर विसरा.

सीआर्म_काका
टोपीबद्दल माझं ऐका. ती कागदी डिस्पोजेबल नको, फिरते. ताणणारी कापडी घ्या, नाकाच्या रेषेत आणि दोन्ही कानांवर खूण करा आणि चिप्सना नंबर टाकून लावल्यावर एक फोटो काढा. भूल देताना ट्यूब टाकायला डोकं हलवतात, त्यानंतर टोपी परत तपासा. आणि केस संपली की शिफ्टिंगच्या आधी टोपी काढा, आमच्याकडे एकदा अख्खी टोपी पेशंटबरोबर आयसीयूत गेली आणि तिथल्या मावशींनी कचऱ्यात टाकली.

लॅबवाला
हाहा, टोपीवर मोठ्या अक्षरात लिहितो. शेवटचं एक, रात्री थ्रोम्बेक्टॉमी (स्ट्रोकमधली गुठळी काढायची तातडीची केस) येते तेव्हा पण लावायची का?

न्यूरो_आयआर
नको. तिथे मिनिटं मोजतोय आपण, टोपी लावत बसू नका, आरडीएसआर आणि कन्सोलचा आकडा पुरे. सुरुवात साध्या डायग्नोस्टिक फोर-व्हेसलपासून (मेंदूच्या चार रक्तवाहिन्यांची नुसती ॲन्जिओग्राफी) करा, तिथे हात बसला की इलेक्टिव्ह कॉइलिंग, एव्हीएम सगळ्यात शेवटी. आणि परवाच्या पेशंटचा नंबर आहे ना तुमच्याकडे? तीन आठवडे झाले की फोन करून डोक्याचा मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो मागवून घ्या.