रात्री दोनला एकदम सोडू नका

गोदामांतल्या आणि गाड्यांवरच्या कामाच्या फोनांना मोबाइल नेटवर्कवरून सॉफ्टवेअर अपडेट पाठवायचं तर 'रात्री दोनला सगळ्या हँडसेटना एकदम अपडेट सोडा, नेटवर्क मोकळं असतं' असं काही जण सांगतात. मोकळं असतं खरं, पण तुमचेच फोन ते भरून टाकतात ना! हिशेब करा: अपडेट ३०० एमबी, नाशिकच्या अंबडमधल्या एका गोदामात ४० फोन, सगळे एकाच टॉवरच्या एकाच सेक्टरवर (टॉवर ज्या दिशांना सिग्नल देतो त्यातल्या एका दिशेचा भाग). झाले १२ जीबी, म्हणजे ९६,००० मेगाबिट. सेक्टरचा खरा वेग ३० एमबीपीएस (सेकंदाला ३० मेगाबिट) धरला तर ५३ मिनिटं, तेही दुसरं कोणी नेट वापरत नसेल तर. त्यापेक्षा प्रत्येक फोनला चार-पाच तासांतली कुठलीतरी वेळ यदृच्छेने द्या.

गाडीवरच्या फोनांचं दुखणं वेगळं. कसारा घाटात रेंज जाते आणि डाउनलोड तुटतं. सर्व्हरवर 'रेंज रिक्वेस्ट'ची, म्हणजे फाइलचा हवा तेवढाच भाग मागण्याची सोय हवी, मग तुटलं तिथून पुढे सुरू होतं. नाहीतर दर घाटाला शून्यापासून.

पूर्ण इमेजऐवजी (सगळ्या सिस्टिमच्या फाइलीऐवजी) डेल्टा, म्हणजे फक्त बदललेला भाग पाठवला तर आकार बराच उतरतो. पण अँड्रॉइड ५.० पासून डेल्टा ब्लॉकनुसार (साठवणीच्या तुकड्यांनुसार) लागतो, म्हणजे आधीची सिस्टिम जशीच्या तशी असावी लागते. कोणी फोन रूट करून (सिस्टिमचे पूर्ण हक्क घेऊन) सिस्टिम पार्टिशनला, म्हणजे सिस्टिम साठवलेल्या भागाला हात लावला असेल तर तो लागतच नाही. अशांसाठी पूर्ण इमेज तयार ठेवा, ती वायफायवरच.

आधी थोड्या फोनांवर सोडून दोन दिवस बघा, हे सांगायला नकोच. आणि २०२७च्या सिंहस्थात पर्वणीच्या आगेमागे नाशिक शहरात काहीही सोडू नका, तेव्हा साधा कॉल लागला तरी पुष्कळ.